केळीच्या गाड्यांसाठी डिझेल गोठू न देणारे द्रावण : वापरानंतरचे मत

रावेर, सावदा, यावल या पट्ट्यातून हिवाळ्यातही केळीच्या गाड्या दिल्ली, जम्मू आणि पुढे श्रीनगरपर्यंत जातात. आमच्या ज्या गाड्या बनिहालच्या घाटापलीकडे काश्मीर खोऱ्यात उतरतात, त्यांच्यासाठी गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका दुकानातून डिझेल गोठू न देणारे द्रावण घेतले. अशी द्रावणे निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि त्यांची काम करण्याची पद्धत साधारण एकच असते. त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या छापाविषयी नसून त्या प्रकाराविषयी आहे.

डिझेलमध्ये मेणाचा अंश मुळातच असतो आणि ते चांगले पेटण्यास त्याची मदतही होते. थंडी वाढली की डिझेल आधी गढूळ दिसते, मग मेणाचे कण फिल्टरवर साचतात आणि शेवटी डिझेल वाहणेच थांबते. गाडी बंद पडते ती मात्र मधल्याच टप्प्यावर : नळीतल्या डिझेलवर इंजिन चालू होते, थोडे अंतर जाते, ओढ कमी होते आणि विझते. म्हणूनच कोणत्या तापमानाला फिल्टर तुंबतो, हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये त्याची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश सेल्सिअस आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे.

या दोन आकड्यांवरून खानदेशापुरता निकाल लावता येतो. धुळ्यात पारा ७-८ अंशांपर्यंत उतरला, तरी पंपावरच्या ताज्या हिवाळी डिझेलला बाटलीची गरज नाही. पावसाळ्यात भरलेले, म्हणजे उन्हाळी प्रकारचे, डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीत तसेच उरले असेल आणि पहाटे कुरकुर झाली, तर नवे डिझेल भरणे हा अधिक स्वस्त उपाय आहे. शेतकऱ्याच्या हाती ही बाटली देणारा दुकानदार केवळ आपला माल खपवतो.

काश्मीरची गोष्ट वेगळी. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, म्हणजे सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ, असतो आणि श्रीनगरचा पारा रात्री सहज शून्याखाली जातो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले, ते पानिपतच्या रिफायनरीत बनते. पण आमची गाडी पंजाबात नेहमीचे हिवाळी डिझेल भरून निघते आणि बर्फामुळे किंवा दरड कोसळून महामार्ग बंद झाला की रात्रभर घाटात उभी राहते. तिथे हे द्रावण खरोखर उपयोगी पडते, असे माझे मत आहे. टाकीखाली पेटते बोळे धरण्याचा जुना, जिवावरचा प्रकार आमच्या ड्रायव्हरांना या मोसमात करावा लागला नाही.

मात्र द्रावण मेण नाहीसे करत नाही. ते मेणाच्या कणांना मोठे होऊ देत नाही आणि ते बारीक राहिल्याने डिझेल फिल्टरमधून जाऊ शकते. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन बाटल्या ठेवून पाहिल्या, तेव्हा दोन्ही गढूळ झाल्या; साधे डिझेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखे घट्ट बसले आणि द्रावण घातलेले हलवताच वाहू लागले. अर्थात, ते बराच वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी बारीक साका दिसला, आणि टाकीतून डिझेल तळाकडूनच ओढले जाते, हे लक्षात ठेवायला हवे.

म्हणून क्रम पाळावाच लागतो. डिझेल कोमट असतानाच, म्हणजे पंजाब किंवा जम्मूच्या पंपावर, आधी द्रावण ओतावे आणि वरून डिझेल भरावे, म्हणजे ते आपोआप मिसळते. डिझेल गोठल्यानंतर हीच बाटली ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. पाण्यावरूनच सांगतो, फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्याचा बर्फ होतो तेव्हाही गाडी तशीच बंद पडते आणि त्यावर हे द्रावण चालत नाही. निघण्यापूर्वी वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधले पाणी वेगळे साठवणारा भाग, रिकामा करणे हाच उपाय. रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला तर प्रदूषणाचे बीएस-सहा निकष पाळणाऱ्या नव्या गाड्यांना मुळीच देऊ नये : ती भेसळ बेकायदा आहेच, शिवाय रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने पंप आणि इंजेक्टर लवकर झिजतात.

तक्रारी दोन आहेत. वेष्टनावर ठळक छापलेला उणे तापमानाचा आकडा नेमक्या कोणत्या डिझेलवर मोजला, याचा उल्लेख बारीक अक्षरांतही नाही. मूळ डिझेल बदलले की परिणामही बदलतो, त्यामुळे तो आकडा आमच्या टाकीला जसाच्या तसा लागू धरता येत नाही. दुसरे, झाकणावर मापाच्या रेषा नाहीत, आणि काळोखात टाकीवर उभ्या असलेल्या क्लीनरने अंदाजाने किती ओतावे? आम्ही औषधाचे मापटे बाटलीला बांधून देतो. शिवाय धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाच्या द्रवाची टाकी वेगळी असते हे क्लीनरला नीट दाखवून द्यावे, कारण ते द्रव उणे ११ अंशांना गोठते आणि त्यात हे द्रावण थेंबभरही जाता कामा नये.