मेलबर्नच्या अंगणात कोणता वॅटल लावावा?

ऑगस्टच्या गारठ्यात वॅटल (बाभळीच्या जातकुळीतलं ऑस्ट्रेलियातलं झाड) पिवळाधमक फुललेला दिसला की आपल्याही दारात एखादा असावा असं वाटतंच. नर्सरीत गेल्यावर मात्र बहुतेक जण फुलं बघून रोप उचलतात. फुलं सगळ्याच वॅटलची देखणी असतात. झाड मूळचं कुठलं आणि ते वाढणार किती, हे आधी विचारावं.

खरी चुरस असते ती गोल्डन वॅटल आणि कूटामुंड्रा वॅटल यांच्यात.

गोल्डन वॅटल १९८८ पासून ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय पुष्प आहे. व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागात, निलगिरीच्या विरळ जंगलात, हलक्या कोरड्या जमिनीवर तो आपोआप उगवतो. उंची ३ ते ८ मीटर. आपण ज्यांना त्याची पानं म्हणतो ते खरं तर चपटे, रुंद झालेले देठ असतात. कोयत्यासारखे वाकडे आणि चिवट असल्याने ते उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतात. आपल्या बाभळीसारखे काटेही नाहीत, त्यामुळे घरात लहान मुलं असली तरी काळजी नको. उणी बाजू म्हणजे आयुष्य कमी. कधी कधी दहा-पंधरा वर्षांतच झाड थकतं, खोडकिडाही लागतो. चिकणमातीत पाणी साचत असेल तर आधी मातीचा उंचवटा करून घ्यावा.

कूटामुंड्राची पानं रुपेरी-निळसर, पिसासारखी. नुसत्या रूपावर निवड करायची झाली तर मीही तोच निवडेन. बहरही तो लवकर धरतो. पण त्याचं मूळ घर म्हणजे न्यू साउथ वेल्समधला कूटामुंड्रा-टेमोराच्या आसपासचा छोटासा पट्टा. व्हिक्टोरियात तो बागांमधून रानात शिरला आहे. पक्षी बिया नेतात, दुसऱ्या वॅटलशी त्याचा संकर होतो आणि स्थानिक झाडं मागे पडतात. म्हणून मेलबर्नमध्ये तो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ प्रदेशाबाहेर गोल्डन वॅटलही असाच वागतो, दक्षिण आफ्रिकेत तो उपद्रवी तण ठरला आहे. कोकणात आणि गोव्यात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तीही वॅटलच, उत्तर ऑस्ट्रेलियातून आलेली.

ब्लॅकवुड या वॅटलचा विचार जागा मोठी असेल तरच करावा. ओलसर दऱ्यांमध्ये तो ३० मीटरपर्यंत जातो, शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याचं लाकूड फर्निचरसाठी नावाजलेलं आहे. पण मुळांना फुटवे येतात, त्यामुळे कुंपणाला लागून तो नकोच.

टाउनहाउसचं छोटं अंगण असेल तर गोल्ड डस्ट वॅटल घ्यावा. एक-दोन मीटरचं झुडूप, इथलंच, आणि फुलतं तेव्हा फांदी दिसत नाही. कुंडीत लावायचं असेल तर रिव्हर वॅटलचा ‘लाइमलाइट’ हा बुटका प्रकार बरा. तो साधारण मीटरभर वाढतो आणि थोडी सावली त्याला चालते. त्याची शोभा लोंबत्या पोपटी पानांची. फुलांसाठी तो घेऊ नये.

शिंकांची धास्ती असेल तर एवढं लक्षात घ्या: वॅटलचा पराग जड असतो, फार लांब उडत नाही. मेलबर्नच्या वसंतातला त्रास मुख्यतः रायग्रास या गवताचा असतो. तरी घरात कुणाला त्रास असेल तर झाड झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून दूर लावावं.

लागवड एप्रिल-मेमध्ये करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात. भरपूर फॉस्फरस असलेलं खत घालू नये, आणि नत्र तर हे झाड मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून स्वतःच मिळवतं. छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच, तीही कोवळ्या फांद्यांचीच. जुन्या लाकडाला पुन्हा फूट येईलच असं नाही. बियांपासून रोप करायचं असेल तर बियांवर उकळतं पाणी ओतून त्या रात्रभर भिजू द्याव्यात. फुगलेल्या तेवढ्याच पेराव्यात.