माया ट्रेन की बस? कानकूनला जाणाऱ्यांसाठी

मेक्सिकोतल्या कानकूनचं तिकीट काढलंय आणि आता माया ट्रेननेच सगळं फिरायचं असं डोक्यात असेल तर आधी एवढं ठरवा, जास्त वेळ कुठे घालवायचाय, माया लोकांच्या जुन्या देवळांत की समुद्रात. डिसेंबर 2023 ला सुरू झालेली ही ट्रेन नकाशावर सगळीकडे जाते, युकातान द्वीपकल्पात जवळपास 1,554 किमीचं जाळं आहे, पण बरीचशी स्टेशनं गावाबाहेर. तुलुमला उतरलं की समोर बीच असं काही नाहीये, पुढे बस नाहीतर टॅक्सी आलीच.

म्हणून नुसतं कानकून, प्लाया देल कार्मेन, तुलुम करायचं असेल तर सरळ आडो (ADO) या बस कंपनीची बस घ्या. प्लायाला तर बस गावाच्या मध्यात सोडते, बॅग ओढत चालत बीचवर. तुलुमचे अवशेष लहान आहेत, पण समुद्राच्या कड्यावर असल्यामुळे फोटो तिथलेच भारी येतात. एप्रिल ते ऑगस्ट मात्र किनाऱ्यावर सारगासो नावाचं शेवाळ येऊन कुजतं, वास सहन होत नाही, बीचसाठी जाताय तर हिवाळाच बघा.

देवळं बघायची तर ट्रेन. मेरिदा, काम्पेचे, पालेन्के अशी लांबची अंतरं आहेत, बसमध्ये पाय आखडतात, इथे उठून फिरता येतं. दिवसाला गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की प्लॅन बोंबलला. चिचेन इत्झाच्या माया पिरॅमिडला मात्र ट्रेनने त्याच दिवशी जाऊ नका, आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद शहरात राहा आणि सकाळी 8 ला गेट उघडताना हजर व्हा, दहा-साडेदहानंतर टूर बसची जत्रा असते आणि सावली नावाला नाही. पिरॅमिडवर चढू देत नाहीत, फक्त खालून बघायचं.

माझं विचाराल तर एकच निवडायचं झालं तर पालेन्के. जंगलात धुकं, झाडावर हाऊलर माकडं, पहिल्यांदा तो आवाज ऐकला की वाघच आला वाटतं! पाकाल या माया राजाची कबर इथल्याच देवळाच्या पोटात 1952 ला सापडली. बीच मात्र विसरा, तिथून समुद्र लांब.

शाकाहारी असाल तर राजमासारख्या काळ्या फ्रिहोलेसमध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, 'सिन मांतेका' (चरबीशिवाय) एवढं पाठ करून ठेवा.

आणि घड्याळ! वायादोलिद युकातान राज्यात, कानकून किंताना रू राज्यात, तिथलं घड्याळ एक तास पुढे. मी वायादोलिदला 11 वाजलेत म्हणून निवांत कॉफी पीत बसलो, कानकूनच्या विमानतळावर तेव्हा 12 वाजून गेले होते. शेवटी टॅक्सी केली, बसच्या कितीतरी पट पैसे गेले, विमान मिळालं पण.