कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसेवा: कासिनोच्या दगडावरचे यशवंत घाडगे

परदेशी रणांगणावर पडलेल्या आपल्या माणसाचे नाव कोणत्या दगडावर कोरले आहे, हे घरबसल्या शोधण्याची सोय कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुल देशांच्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत.

मी ही सेवा नाईक हुद्द्यावरील यशवंत घाडगे यांच्या नावावर पारखली. रायगडमधल्या पळसगावचे हे बावीस वर्षांचे जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील इतर सारे मृत वा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने चाल करून हातबॉम्बने ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलण्यास उसंत नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांची समाधी कुठेच नाही, नाव मात्र इटलीतल्या कासिनो स्मारकावर आहे.

शोधताना मराठी माणसाने एक पथ्य पाळावे. नोंदी रोमन लिपीत, त्या काळच्या कारकुनांना जसे ऐकू आले तशा आहेत. म्हणून आडनावाच्या एकाच स्पेलिंगवर विसंबू नये, तर युद्ध, पलटण आणि मृत्यूची तारीख यांच्या आधारे यादी आखूड करत जावे. पलटणीच्या नावातील ‘मराठा’ शब्दही जुन्या इंग्रजी वळणाने, जादा ‘एच’ घालून लिहिलेला आहे. शिवाय अग्निसंस्कार झालेल्यांची स्मारके निराळी असतात: इटलीतल्याच सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर अशा पाचशेहून अधिक भारतीयांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी १९४७ अखेर थांबतात, त्यामुळे नंतरच्या लढायांतील जवान येथे शोधू नयेत.

पहिल्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिकेतील सैनिकांच्या स्मरणात झालेल्या पक्षपाताबद्दल याच संस्थेने २०२१ मध्ये माफी मागितली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

नोंदीसोबत मिळणारे स्मृतिपत्र छापून भिंतीवर लावण्याजोगे आहे. मात्र त्यावरील स्थळ हे मृत्यूचे ठिकाण समजू नये. कासिनो रोमच्या दक्षिणेस आहे. घाडगे लढले ते खोरे रोमच्या पुष्कळ उत्तरेस, उंब्रियात, जिथे मोंतोने गावी २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारण्यात आले. इटलीला जाणाऱ्याने दोन्ही ठिकाणांसाठी वेगवेगळा दिवस राखून ठेवावा.