स्विचेबल ग्राफिक्सचा लॅपटॉप घेतला, सहा महिने वापरून सांगतोय

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंगच्या पॅटर्नचं (ओतकामाचा साचा ज्यावरनं करतात त्या नमुन्याचं) डिझाइन करतो, दिवसभर सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडं असतंय आणि आठवड्यातनं दोन-तीनदा लॅपटॉप घेऊन शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जावं लागतंय. तिथं बसायला जागा मिळती, प्लग मिळेलच असं नाही. म्हणून बॅटरीचं एवढं बघितलं.

राजारामपुरीतल्या दुकानात कॉन्फिगरेशन ठरवायला बसलो तेव्हा रॅम आणि एसएसडी पाच मिनिटांत झालं, ते काय नंतर पण वाढवता येतंय. ग्राफिक्स कार्ड बोर्डावरच सोल्डर असतंय, तिथं एकदा चुकलं की चुकलं. समोर दोन मॉडेल होती, दोन्हीत कार्ड तेच, आरटीएक्स 4060, 8 जीबीचं. एकात स्क्रीन कायम डेडिकेटेड, म्हणजे या वेगळ्या मोठ्या कार्डावर, दुसऱ्यात स्विचेबल, म्हणजे साधं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आणि जड काम आलं की मोठं कार्ड जागं होणार. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, डेडिकेटेडच घ्या, स्विचेबलला ताकद कमी पडत्या."

हे अर्धंच खरं आहे. कार्डाची ताकद कमी होत नाही, फक्त चित्राला वळसा पडतो. एनव्हिडियानं 2010 ला ऑप्टिमस आणलं तेव्हापासनं पद्धत अशी की मोठं कार्ड फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरचं एकेक चित्र, तयार करतं आणि ती प्रोसेसरच्या ग्राफिक्समधनं स्क्रीनवर जाते. गेममध्ये फ्रेमरेट जास्त असला की त्या वळशात थोडे फ्रेम जातात, मला असेंब्ली (सगळे भाग जोडलेलं मॉडेल) फिरवताना काहीच फरक कळला नाही. आणि ज्यात मक्स स्विच असतो त्यात हा वळसा पण बंद करता येतो, स्क्रीन सरळ मोठ्या कार्डाला जोडली जाते, माझ्यात त्यासाठी एकदा रिस्टार्ट मारावा लागतो एवढंच. मक्स आहे का हे बॉक्सवर लिहिलेलं नव्हतं. मी मालकांना म्हटलं, काका, डेमो पीस चालू करून दाखवा की, तर त्यांनी लगेच बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग) उघडून दाखवलं. या एका गोष्टीसाठी दुकानाला पैकीच्या पैकी. (डिलिव्हरी मात्र चार दिवस सांगून नऊ दिवसांनी मिळाली.)

अजून एक विचाराच, कार्ड किती वॅटचं लावलंय. लॅपटॉपमधलं 4060 हे 35 वॅटपासनं 115 वॅटपर्यंत मिळतं, नाव तेच आणि काम वेगळं.

आता वापरातलं. स्विचेबलवर ड्रॉइंग बघणं, मेल, एक्सेल असं चाललं तर बॅटरी साडेपाच तास जात्या. तोच लॅपटॉप फक्त मोठ्या कार्डावर ठेवला तर अडीच तासांच्या आत चार्जर शोधावा लागतो, आणि बॅटरीवर कार्ड तसंही पूर्ण ताकदीनं चालत नाही, मग ते चालू ठेवून मिळवायचं काय?

त्रास एकच झाला, पहिल्या आठवड्यात सॉलिडवर्क्स प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरच चालत होतं आणि मोठी असेंब्ली अडकत होती. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथं प्रोग्रॅम निवडून हाय परफॉर्मन्स केलं आणि झालं मोकळं. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही जीपीयू (ग्राफिक्स चिप) वेगवेगळे दिसतात, कोण काम करतंय ते तिथं बघायचं. एचडीएमआय माझ्यात सरळ मोठ्या कार्डाला जोडलेलं आहे, प्रोजेक्टर लावला की कार्ड जागं होतं आणि बॅटरी झरझर उतरते, त्यामुळं मीटिंग असली तरच चार्जर बरोबर घेतो. 230 वॅटचा आहे, विटेएवढा जड. बाकीच्या दिवशी तो उद्यमनगरातच टेबलाखाली असतो.