गॅरेजची बदली गाडी: जुनी वॅगन आर, अकरा महिन्यांनंतर

गिऱ्हाइकाची गाडी क्लचसाठी किंवा डेंटिंग-पेंटिंगला तीन-चार दिवस अडकली की पहिला सवाल एकच: तोवर मी काय करू? बेळगावातला माणूस रिक्षा, स्कूटर काहीतरी बघतो. खानापूर, हुक्केरीकडून आलेल्याला ते जमत नाही, आणि पुढच्या वेळी तो दुसरं गॅरेज धरतो. म्हणून दोन लिफ्टच्या लहान गॅरेजलाही एक बदली गाडी लागते. 2019 नंतरच्या बांधणीची, सेकंड हँड, पेट्रोलवरची, हाताच्या गिअरची वॅगन आर व्हीएक्सआय या कामाला लावून अकरा महिने झाले. त्याचा हा हिशेब.

गाडी म्हणून तक्रार फारशी नाही. 998 सीसीच्या इंजिनला ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे बेल्ट कधी बदलला होता ही चौकशीच उरत नाही. सीट उंचावर असल्यामुळे गुडघे दुखणारी माणसंही वाकल्याशिवाय बसतात. जमिनीपासूनची उंची 165 मिलिमीटर. पावसाळ्यात जांबोटीकडच्या रस्त्याला पुरते, शेताच्या चाकोरीला नाही. पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात, आणि आपल्याच पोराने संध्याकाळपर्यंत दुरुस्त करावी अशी ही गाडी आहे. बदली गाडी आठवडाभर पार्टची वाट बघत उभी राहिली तर ती ठेवण्यात अर्थ काय?

इतर पर्याय थोडक्यात. अल्टो 800 स्वस्त पडते, पण 12 इंची चाकं खड्ड्यात जास्त आपटतात आणि घरची पाच माणसं घेऊन जाणारा तोंड वाकडं करतो. बीएस-6 डिझेल नको: गावातल्या गावात चार-चार किलोमीटर फिरून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर, तापतच नाही, काजळी साचत जाते. सीएनजीचं सिलिंडर डिकी खातं, शिवाय दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी. ऑटो गिअर, म्हणजे एएमटी, सवय नसलेल्याच्या हातात देऊ नये. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात आणि क्लच जळतो.

खरी गोम पॉलिसीत आहे. प्रायव्हेट कारच्या पॅकेज पॉलिसीत गाडी कशाला वापरायची नाही याची यादी असते. भाड्याने देणं, सामानाची वाहतूक आणि शर्यतीच्या जोडीला त्यात ‘मोटर ट्रेड’शी, म्हणजे गाड्यांच्या धंद्याशी, संबंधित वापरही असतो. गॅरेजने गिऱ्हाइकाला दिलेली गाडी यात बसते असं म्हणून क्लेम अडवला जाऊ शकतो. त्यामुळे गाडी घेण्याआधी विमा कंपनीला वापर लेखी कळवावा आणि उत्तरही लेखीच घ्यावं. एजंटने फोनवर ‘चालतंय हो’ म्हटलेलं कामाला येत नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा गिऱ्हाइकाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळं कव्हर विचारून घ्यावं.

भाडं एक रुपयाही घेऊ नये. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली की ती बेकायदा भाड्याची गाडी झाली. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. बिलात ‘गाडी चार्ज’ असली ओळ तर मुळीच नको. पेट्रोलचा नियम सोपा: काटा जिथे होता तिथे आणून द्यायचा. 32 लिटरच्या टाकीत निदान आठ लिटर घालूनच गाडी द्यावी. रिझर्व्हवर फिरवत राहिलं की टाकीतला पंप उघडा पडतो. त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच नसेल तर तो लवकर जातो. एक गंमत, गोव्याला जाऊन आलेली गाडी बहुतेक भरल्या टाकीने परत येते, कारण तिकडे पेट्रोल स्वस्त. पण गोव्याकडे चोर्ला घाट उतरायचा असेल तर आधी विचारलं पाहिजे, ही अट गाडी देताना लिहायच्या चिठ्ठीवरच लिहावी.

चिठ्ठीवर लायसन्सचा नंबर आणि मुदत, किलोमीटर, काटा, तारीख आणि नेमकी वेळ हवी. ई-चलान मालकाच्या नावावर येतं. त्या वेळी गाडी कोणाकडे होती हे मालकालाच सांगावं लागतं. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याचा 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही मालकालाच. हत्तरगी, कोगनोळी, हिरेबागेवाडीचे टोल फास्टॅगमधून जातात, ते नंतर मागायला संकोच वाटतो. आधीच बोलून ठेवावं. मूळ आरसी गाडीत ठेवू नये, डिजिलॉकरमधली चालते.

झिजतं काय? सगळ्यात आधी क्लच. दर दोन दिवसांनी नवा पाय, त्यात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर अर्धा क्लच दाबून उभं राहणं. पेडलचं फ्री प्ले, म्हणजे क्लच पकडण्याआधी पेडल मोकळं किती दबतं ते, आठवड्याला तपासावं. जुलैत मागच्या ब्रेकचे ड्रम त्रास देतात: चिखलपाण्यातून आलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन रात्री उभी राहिली की आतले ब्रेक शू ड्रमला चिकटतात. जोर करून ओढली तर शूवरचं लायनिंग सुटतं. ड्रमवर हलके ठोके देऊन, मागेपुढे झुलवून सोडवावी, मग उघडून गंज घासून घ्यावा. आवारात पहिला गिअर टाकून चाकाला ओंडका लावला की हा प्रश्नच येत नाही. जॅक आणि पाना परतीला मोजून घ्यावेत. डिकी 341 लिटरची आहे म्हणून युरियाची 45 किलोची पोती भरली जातात. सस्पेन्शनचं सोडा, ती सामानाची वाहतूक ठरते.

गाडी फार चांगलीही नसावी. एसी हवा, पण टचस्क्रीन आणि भारी स्पीकर लावले की गिऱ्हाईक स्वतःची तयार झालेली गाडी न्यायला येत नाही आणि ती आपली जागा अडवून बसते. ‘तयार आहे’ हा निरोप गेल्यापासून दोन दिवस, एवढी मुदत चिठ्ठीवर असावी.

महाराष्ट्राच्या पासिंगची स्वस्त दिसली तरी हिशेब करूनच घ्यावी. एनओसी, इथला नंबर आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स धरला की स्वस्ताई उरत नाही. आणि रंग साधा पांढराच. सिल्व्हर मेटॅलिकचा एक दरवाजा रंगवला की उन्हात वेगळा दिसतो, शेजारच्या पत्र्यावरही रंग मुरवत न्यावा लागतो. पांढरा बंपर दुपारी काढून संध्याकाळी बसवता येतो.