सर्टिफिकेट तपासायला उत्तम, मार्कांवर विसंबू नका

पुरवठादारांची पर्यावरणाच्या बाजूने तपासणी करून देणारी एक ऑनलाइन सेवा आमच्या खरेदी विभागाने घेतली होती. करारात गोपनीयतेचं कलम असल्याने नाव लिहिता येत नाही, पण या जातीच्या बऱ्याच सेवांची रचना साधारण सारखीच असते, त्यामुळे घ्यावी की नाही या विचारात असलेल्यांना अनुभव उपयोगी पडावा. माझ्याकडे पॅकेजिंग आणि प्लॅस्टिकचे भाग, या दोन गटांची खरेदी आहे.

सेवेचे तीन भाग आहेत: व्हेंडरच्या सर्टिफिकेटांची पडताळणी, प्रश्नावलीवरून शंभरपैकी मार्क, आणि आपल्या खरेदीमागच्या कार्बनचा हिशोब. डेमोमध्ये हे बरोबर उलट्या क्रमाने दाखवतात. रंगीत आलेख तिकडे आहेत ना!

खरी किंमत पहिल्या भागाला आहे. व्हेंडर पीडीएफ चढवतो आणि सेवा त्यावरचा नंबर, मुदत आणि व्याप्ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सार्वजनिक नोंदीशी ताडून बघते. मुदत संपत आली की व्हेंडरला आणि आम्हाला दोघांनाही मेल जातो. पूर्वी हे सगळं एका एक्सेलमध्ये होतं आणि ती एक्सेल कुणीच उघडत नव्हतं. एका पुरवठादाराचं आयएसओ 14001, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट, नियमाप्रमाणे चालू होतं, पण त्यावर पत्ता मुख्य कार्यालयाचा. आमचा माल ज्या प्लांटमधून येतो, तो व्याप्तीत नव्हताच. सेवेने ते लगेच लाल रंगात दाखवलं. माणसाच्या नजरेतून असला पत्ता सहज सुटतो, कारण बघणारा लोगो बघतो आणि पुढे जातो. (14001 ही कारखान्याचा कारभार चालवण्याची पद्धत आहे. तिथून निघणाऱ्या मालाबद्दल ती काहीच सांगत नाही, हे आमच्या मार्केटिंगवाल्यांना अजून पटलेलं नाही.)

मात्र इथेही एक भोक आहे आणि ते विकणारे सांगत नाहीत. खोक्यांसाठी आम्ही एफएससी मागतो, म्हणजे जबाबदारीने राखलेल्या जंगलांच्या लाकूड-कागदासाठीचं प्रमाणन. व्हेंडरकडे 'चेन ऑफ कस्टडी' (प्रमाणित मालाचा माग ठेवण्याचं) सर्टिफिकेट असलं म्हणजे त्याच्याकडून येणारं प्रत्येक खोकं एफएससीचं झालं, असं नसतं. तो प्रमाणित आणि साधा, दोन्ही कागद चालवू शकतो. माल प्रमाणित हवा असेल तर इनव्हॉइसवर त्या मालापुढे दावा लिहिलेला हवा, 'एफएससी मिक्स 70%' किंवा जो असेल तो, आणि सोबत व्हेंडरचा सर्टिफिकेट कोड. सेवा सर्टिफिकेट बघते, इनव्हॉइस बघत नाही. तेवढं आम्ही स्वतः बसवलं: परचेस ऑर्डरमध्येच दाव्याची ओळ टाकली, आणि बिलं पास करणाऱ्याला सांगितलं की ओळ नसेल तर बिल परत. त्यानंतर एका व्हेंडरचा फोन आला की 'एफएससी'चा माल हवा असेल तर दर वेगळा लागेल. इतके दिवस काय येत होतं, ते त्यानेच सांगून टाकलं.

आता कार्बनचा हिशोब. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल ही उत्सर्जन मोजायची जगभर वापरली जाणारी नियमावली. तिच्या 2011 च्या स्कोप 3 मानकात, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर, पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या मानकात, 15 प्रकार आहेत, आणि त्यातला पहिलाच विकत घेतलेल्या वस्तू आणि सेवांचा. तो मोजायच्या चार पद्धती मानकासोबतच्या मार्गदर्शिकेत दिल्या आहेत: पुरवठादाराचे स्वतःचे आकडे घेण्यापासून ते नुसत्या खर्चावरून अंदाज बांधण्यापर्यंत. ही सेवा आमच्या बहुतेक खरेदीसाठी खर्चाची पद्धत वापरते. किती पैसे दिले, त्याला त्या उद्योगाच्या सरासरी गुणकाने गुणलं, झालं उत्सर्जन.

याचा अर्थ नीट बघा. मी खोक्याचा दर दहा टक्क्यांनी पाडला की आमचं उत्सर्जनही दहा टक्क्यांनी खाली. तेच खोकं, तोच कागद, तोच ट्रक. उलट प्लॅस्टिकच्या ट्रेसाठी महागडा रिसायकल्ड दाणा (वितळवून ट्रे बनवायचा कच्चा माल) वापरायला लावला, तेव्हा आलेख वर गेला! वरिष्ठांच्या बैठकीत हा आलेख मला समजावून सांगावा लागला, तो प्रसंग मजेचा नव्हता. एकूण खरेदीत जास्त भार कुठे आहे याचा ढोबळ अंदाज घ्यायला ही पद्धत चालते, पण दोन व्हेंडरमधला एक निवडायला ती निरुपयोगीच. वजनावर आधारित आकडे भरायची सोय आहे म्हणे. ती मेनूच्या इतक्या आत आहे की सपोर्टवाल्यालाही शोधावी लागली.

मार्कांबद्दल माझं मत याहून वाईट आहे. मोठी कंपनी असो की चार माणसांचं वर्कशॉप, सगळ्यांना एकच लांबलचक प्रश्नावली. लेखी धोरण आहे का, उद्दिष्टं जाहीर केलीत का, अहवाल काढता का? ज्यांच्याकडे यासाठी वेगळा माणूस आहे ते ऐंशीच्या पुढे जातात. आमचा एक छोटा पुरवठादार परत वापरायच्या क्रेटमधून माल पाठवतो, रिकामे क्रेट आणि पॅलेट स्वतः उचलून नेतो, आमच्या गोडाऊनमधली पुठ्ठ्याची रद्दी त्याच्यामुळे दिसण्याइतकी कमी झाली. त्याला पासापुरतेही मार्क नाहीत, कारण 'धोरण' नावाची फाइल त्याने चढवलेली नाही. त्याने मला विचारलं, "मॅडम, धोरण लिहून देतो, पण मग क्रेट पाठवायचे का नाही?"

प्रश्नावली जिथे खोलात जायला हवी तिथे जातही नाही. 'रिसायकल्ड किती टक्के?' एवढंच विचारते. कुठून आलेलं, हे नाही. मोल्डिंगवाल्यांकडे स्वतःच्याच मशीनचा टाकाऊ भाग दळून परत हॉपरमध्ये टाकणं रोजचं आहे, आणि चांगलंच आहे, पण आयएसओ 14021 या पर्यावरणविषयक दाव्यांच्या मानकाप्रमाणे त्याच प्रक्रियेत परत जाणारा माल रिसायकल्ड म्हणून धरता येत नाही. फॉर्ममध्ये मात्र बिनदिक्कत 'तीस टक्के' लिहिता येतं आणि त्याचे मार्कही मिळतात. हा प्रश्न मी आता कोटेशन मागवतानाच विचारते: वापरून झालेल्या मालापासून किती, आणि बाहेरच्या कारखान्याच्या टाकाऊपासून किती?

पुरवठादाराच्या मागचा पुरवठादार सेवेला दिसत नाही. कागदाची मिल, दाणा बनवणारा, सगळे अंधारात.

सपोर्ट चटकन उत्तर देतो. व्हेंडरसाठीची स्क्रीन मोबाइलवर धड उघडत नाही, आणि छोटे व्हेंडर सगळं मोबाइलवरच करतात.

पाचपैकी तीन तारे, ते तिन्ही पडताळणीला. नूतनीकरणाच्या वेळी आम्ही तेवढाच भाग ठेवला. बाकीचे दोन वेगळे करून द्यायला ते आधी तयार नव्हते, जरा ताणून धरल्यावर झाले. डेमो बघायला बसलात तर आपल्याच एका व्हेंडरचं सर्टिफिकेट आणि त्याचं शेवटचं इनव्हॉइस सोबत घेऊन बसा, आणि त्यांच्या नमुन्याच्या डेटाऐवजी तेच चढवून दाखवायला सांगा.