पंधरा सेकंदांचे पाहुणे: ट्रॅफिक-एक्स्चेंज विजेट, सात महिन्यांनी

गणपतीत आमच्या घरी दहा दिवस माणसांचा राबता असतो, लॅपटॉपला हातही लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक-एक्स्चेंजवर, म्हणजे ब्लॉगवाले एकमेकांची पानं बघून एकमेकांकडे माणसं पाठवतात त्या सेवेवर, लॉगिन केलं तर साठवलेले 1,140 क्रेडिट्स (एक क्रेडिट म्हणजे माझ्या पानावर येणारा एक माणूस) शून्य. दहा दिवस सर्फिंग, म्हणजे दुसऱ्यांची पानं बघणं, केलं नाही की जुने क्रेडिट्स बाद, हा नियम म्हणे आधीपासूनच होता. सपोर्टला तीन मेल केले, तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, तिसऱ्यात तर माझं नावही भलतंच. तेव्हा हे रागात लिहिलंय. राग वजा करून वाचा.

विजेट म्हणजे साइडबारला, पानाच्या कडेच्या पट्टीत, बसणारं त्या सेवेचं छोटं खोकं. ते कसं चालतं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांना सांगायला नको. माझा फुकटातला प्लॅन होता: दुसऱ्यांची दोन पानं पाहा, तुमच्या पानावर एक माणूस पाठवू. ब्लॉग स्वयंपाकाचा, दिवसाला 30-40 वाचक. मार्चमध्ये साइडबारला कोड चिकटवला आणि आठवड्यात आकडा 130 वर गेला. मी नवऱ्याला उठवून दाखवला. ॲनालिटिक्समधला (गूगलच्या वाचक मोजणाऱ्या साधनातला) एंगेजमेंट रेटसुद्धा 41 वरून 78 टक्क्यांवर! माणसं नुसती येत नाहीत, थांबून वाचतायत असं वाटलं. एप्रिलमध्ये हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते.

जूनमध्ये एका दुपारी सहज देशवार यादी उघडली. इंडोनेशिया, ब्राझील, नायजेरिया. सगळ्यांचा सरासरी वेळ 16 सेकंद, 17 सेकंद, 16 सेकंद. हा आकडा कुठे पाहिलाय म्हणून विचार करत बसले आणि मग ट्यूब पेटली. सर्फिंग करताना पानाच्या वर हिरवी पट्टी असते, 15 पासून उलटी मोजणी होते, मग चारांतली दोन सारखी चित्रं ओळखायची की पुढचं पान. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण त्या पट्टीकडे बघत बसलेला होता!

आणि यात ॲनालिटिक्सनं कशी भर घातली बघा. जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये एक पान उघडून निघून गेलेला माणूस सरळ बाउन्समध्ये, म्हणजे आल्या पावली परतलेल्यांत, जायचा. जुलै 2023 मध्ये ते बंद झालं. नव्यात पान 10 सेकंदांपेक्षा जास्त समोर राहिलं की भेट ‘एंगेज्ड’ धरतात. पट्टी 15 ची, अट 10 ची. म्हणजे ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही तोही माझा मन लावून वाचणारा वाचक ठरला. तो पंधरा आकडा तेव्हापासून डोक्यातून जात नाही. 15 सेकंदांत कुकरची शिट्टी होत नाही हो, आणि यांनी म्हणे माझी अळूवडी वाचली.

त्यांना तरी काय बोलू? मीही तेच करत होते. पोर्तुगीजमधला कुत्र्यांच्या खाण्याचा ब्लॉग उघडा ठेवून मेथी निवडली आहे मी. दोन पानांचे 30 सेकंद, पान उघडण्याची आणि चित्रांची कटकट धरून 45. दिवसाला 90 माणसं जास्तीची हवीत तर रोजचा एक तास जातो. बुडालेले 1,140 क्रेडिट्स दिवाळीच्या फराळाच्या पोस्टसाठी राखून ठेवले होते. हिशोब केला, त्यात माझे जवळपास 14 तास होते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मे महिन्यात सर्फिंग करता करता एक मराठी ब्लॉग समोर आला, बडोद्याच्या एक ताई बागकामावर लिहितात. मी मोजणी संपल्यावरही थांबले, अळूच्या काळ्या देठावरची पोस्ट वाचून काढली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. त्यांनीही माझ्या अळूवडीवर लिहिलं. मग आम्ही एकमेकींचे दुवे आपापल्या हातानं साइडबारला लावले. तिथून आठवड्याला पाच-सहाच जण येतात, पण चार-चार मिनिटं थांबतात. विजेटमुळे मिळालेले खरे वाचक एवढेच, आणि तेही विजेटच्या बाहेरून आलेले.

आता सगळ्यात लाज वाटणारा भाग. जुलैत पुण्याहून भाचा आला होता. त्यानं विजेट बघून एकच प्रश्न विचारला, “मावशी, हे ॲडसेन्सला चालतं का?” ॲडसेन्स म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा. त्यांचे नियम काढून वाचले. चालत नाही. पान बघण्याच्या बदल्यात पान दाखवणाऱ्या सेवांवरून आलेली गर्दी त्यांच्या लेखी अवैध. माझ्या खात्यात 83 डॉलर साठलेले, 100 झाल्याशिवाय हातात पडत नाहीत, आणि खातं बंद झालं तर तेही गेले. कुणीही शहाण्या बाईनं त्याच रात्री विजेट काढलं असतं. मी जाहिराती काढल्या. कारण क्रेडिट्स वाया गेले असते ना! दोन महिने चार पैसे देणारी गोष्ट बंद ठेवून फुकटची गोष्ट सांभाळली, आणि क्रेडिट्स गणपतीत बुडाले ते बुडालेच.

बाकी तक्रारी किरकोळ. मोबाइलवर ते चौकोनी खोकं उशिरा उघडायचं आणि वाचत असलेली ओळ धप्पकन खाली जायची. खोक्यात काय दिसेल यावर आपला ताबा नाही, एकदा साबुदाणा वड्याच्या शेजारी वजन घटवायच्या गोळ्या झळकल्या.

तर घ्यावं का? तिथे हिंडणारा प्रत्येक जण स्वतःचा माल विकायला आलेला असतो, घेणारा कुणी नसतो. तुम्ही ब्लॉगवाल्यांनाच थीम किंवा होस्टिंग विकत असाल तर बघा बापडे. पाककृती, कविता, प्रवास मराठीत लिहीत असाल तर तो तास झोपा.

विजेट काढून तीन आठवडे झाले. आकडा 45 वर आलाय. जाहिराती परत लावल्या आहेत, 84 डॉलर झाले. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर बरेच जण ‘अळूवडी तळताना सुटते’ असं शोधत येतात. त्या पोस्टमध्ये मी उंडा घट्ट वळून दोऱ्यानं बांधायचा आणि वाफवून पूर्ण गार झाल्यावरच कापायचा एवढंच सांगितलंय, तरी माणसं सव्वातीन मिनिटं थांबतात.

काल विजेटवाल्यांचा मेल आला. तुमची आठवण येते, परत या, 50 क्रेडिट्स भेट. खाली बारीक अक्षरात: दहा दिवसांत वापरावेत.